रूपकुंडाच्या काठच्या बाया

तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावाशेजारचं तळं येतं. काठावर धुण्याचा दगड, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी, गणपती बुडवायला आलेली पोरं. आज आम्ही ज्या तळ्याबद्दल बोलणार आहोत तिथे यातलं काहीच नाही. तिथे कुणी धुणं धूत नाही, गुरं नेत नाही, जवळपास वस्तीही नाही. वर्षातले बहुतेक महिने ते बर्फाखाली झाकलेलं असतं. आणि बर्फ वितळला की काठावर आणि पाण्यात माणसांची हाडं दिसू लागतात. एक-दोघांची नव्हे, शेकडो माणसांची. या तळ्याचं नाव रूपकुंड.

रूपकुंड उत्तराखंडात आहे, चमोली जिल्ह्यात. चमोली हे नाव आपल्यातल्या काहींनी ऐकलं असेल. १९७४ साली रैणी गावच्या गौरादेवी आणि त्यांच्या महिला मंगल दलाच्या बायकांनी झाडांना मिठी मारून ठेकेदाराची माणसं परत पाठवली, ते चिपको आंदोलनातलं रैणी याच जिल्ह्यातलं. त्याच डोंगरी मुलखात, त्रिशूल नावाच्या हिमशिखराच्या पायथ्याशी हे तळं आहे.

त्याची उंची समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरहून जास्त. आता पाच हजार मीटर म्हणजे किती? आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या की रूपकुंड येईल. तिथल्या हवेत श्वासाला मिळणारा प्राणवायू आपल्या गावातल्या हवेच्या निम्म्याहून थोडाच जास्त. चार पावलं टाकली की थांबावं लागतं, डोकं दुखतं, अन्न नकोसं होतं. झाडं तर खूप खालीच संपतात.

आणि तळं तरी केवढं? आरपार जेमतेम ४० मीटर, खोली साधारण दोन पुरुष. आपल्याकडच्या एखाद्या शेततळ्याएवढंच म्हणा. हे कुणी खणलेलं नाही. डोंगरावर शेकडो वर्षं साचलेला बर्फ स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली सरकतो आणि सरकताना खालचा खडक खरवडत नेतो. परातीत पीठ मळताना मध्ये खळगा पडावा तसा डोंगराच्या कुशीत खोलगट भाग तयार होतो. पुढे बर्फ मागे हटला की त्या खळग्यात वितळलेलं पाणी साठतं. हिमालयात अशी तळी पुष्कळ आहेत. रूपकुंडाच्या तिन्ही अंगांनी उभे, सुटे, दगडगोट्यांचे उतार आहेत. वरून काहीही घसरलं तरी ते तळ्यातच येणार. पुढची गोष्ट समजायला हे लक्षात ठेवा.

तिथे पोचायची वाट लोहाजंग आणि वाण या गावांवरून जाते. वाण हे वाटेवरचं शेवटचं गाव. त्याच्या पुढे ओक आणि बुरांसाचं जंगल, मग बेदनी बुग्याल. बुग्याल म्हणजे डोंगरमाथ्यावरची कुरणं. पावसाळ्यात तिथे गुडघ्याएवढी रानफुलं असतात आणि खालच्या गावांची मेंढरं चरायला येतात. त्याच्या वर पातर नचौणी, कालू विनायक, भगुवाबासा असे टप्पे, आणि मग रूपकुंड. वाणहून चालत दोन-तीन मुक्काम लागतात.

जगाला या हाडांची बातमी लागली ती १९४२ साली. हरिकिशन मधवाल नावाचे वनखात्याचे रेंजर तिथे गेले आणि त्यांनी हाडांचा हा पसारा पाहून वर कळवलं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. साहजिकच पहिली शंका आली की हे चोरवाटेनं शिरलेले जपानी सैनिक तर नाहीत? पण हाडं जुनी होती, हे लवकरच दिसून आलं. मग तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, १८४१ साली तिबेटवर स्वारी करून गेलेल्या जोरावरसिंगाच्या फौजेतले हे लोक. कुणी म्हणालं, महंमद तुघलकानं हिमालयात पाठवलेलं आणि तिथेच नाश पावलेलं सैन्य. कुणी तिबेटशी व्यापार करणाऱ्यांचं नाव घेतलं, कुणी साथीच्या रोगाचं.

या सगळ्या तर्कांत एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटली. खूप माणसं एका ठिकाणी मेलेली दिसली की शिकलेल्या लोकांच्या मनात आधी सैन्य येतं, म्हणजे पुरुष येतात. पण हाडांबरोबर काय काय सापडलं ते ऐका. चामड्याचे जोडे, बांबूच्या काठ्या, अंगठ्या, आणि काचेच्या बांगड्या. बांगड्या घालून कोणतं सैन्य निघतं हो? लढाईची हत्यारं म्हणावीत तर फारशी नव्हतीच. वाणच्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की हे सैनिक नव्हेत, हे यात्रेकरू. कारण त्यांच्या गाण्यांत ही गोष्ट आधीपासून होती.

ती गोष्ट सांगण्याआधी नंदादेवीबद्दल सांगायला हवं. गढवाल आणि कुमाऊं या दोन्ही भागांत नंदादेवी ही घराघरातली देवी. ७,८१६ मीटर उंचीचं शिखर तिच्याच नावाचं. पण ती नुसती उंचावर बसलेली देवी नाही, ती तिथल्या गावांची लेक आहे. तिचं सासर वर बर्फात, कैलासावर, शंकराकडे. माहेर खाली गावांत. भाद्रपदात ती माहेरी येते आणि मग तिला सासरी पोचवायला गावं निघतात. पालखी हलते तेव्हा बायका रडतात. काकडी, मक्याची कणसं, बांगड्या, टिकल्या असं काय काय तिच्याबरोबर बांधून देतात. वर थंडी आहे, खायला काही पिकत नाही, नवरा अंगाला राख फासणारा, तिथे माझ्या लेकीचं कसं होणार, अशा अर्थाची गाणी तिथे रात्र-रात्र म्हटली जातात. भाद्रपदातच आपल्याकडे गौरी येतात, जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. इतक्या लांबच्या बायकांनी देवीला नेमकं माहेरवाशीणच करावं, यात आम्हाला नवल वाटलं नाही. लेक सासरी पाठवण्याचं दुःख जिथे जिथे आहे तिथे देवीही माहेरी येणारच.

दर वर्षी छोटी यात्रा निघते. साधारण बारा वर्षांनी मोठी निघते, तिला नंदा राजजात म्हणतात. इथला 'जात' हा शब्द आपल्या 'जत्रा' शब्दाचा भाऊ, दोन्ही यात्रेवरून आलेले. नौटी गावातून निघून सुमारे २८० किलोमीटर चालत ही यात्रा होमकुंडापर्यंत जाते. पुढे चालतो चार शिंगांचा मेंढा. त्याच्या पाठीवर देवीसाठी दिलेली लेणी-कापडं बांधलेली असतात. होमकुंडाला पूजा झाली की त्या मेंढ्याला एकट्याला बर्फाच्या दिशेनं सोडून देतात आणि माणसं मागे फिरतात. २००० साली राजजात झाली. पुढची २०१३ मध्ये होणार होती, पण त्या वर्षी केदारनाथचा महापूर आला म्हणून ती २०१४ साली निघाली. यात्रेची वाट रूपकुंडावरून जाते आणि तिथून ज्यूरागली नावाची खिंड चढून पलीकडे उतरते.

आता गोष्ट. कनौजचा राजा जसधवल आपल्या राणीला घेऊन या यात्रेला निघाला. राणीचं नाव बलंपा, तिला दिवस गेलेले. राजानं बरोबर नोकरचाकर घेतले, नाचणाऱ्या बायकाही घेतल्या. देवीच्या वाटेवर पाळायचे नेम त्यानं पाळले नाहीत. एका मुक्कामावर नाचगाणं केलं, तेव्हा नाचणाऱ्यांना देवीनं दगड करून टाकलं, म्हणून त्या जागेचं नाव पातर नचौणी. पातर म्हणजे नाचणारीण. पुढे राणीचे दिवस भरले आणि ती वाटेतच बाळंत झाली. सुवेराचा विटाळ देवीच्या डोंगराला लागला. देवी कोपली. तिनं आभाळातून लोखंडासारख्या गारा पाडल्या आणि रूपकुंडापाशी पोचलेला राजाचा सगळा लवाजमा मेला.

गोष्ट ऐकताना आमच्यातली एकजण लगेच म्हणाली, "भरल्या दिवसांच्या बाईला त्या उंचीवर नेलं राजानं, आणि कोप झाला तिच्या बाळंतपणाचा?" तिचं बरोबर आहे. गारा पडणं हा तिथल्या आभाळाचा स्वभाव. पण गोष्ट सांगणाऱ्याला कारण लागतं, आणि ते कारण दोन बायांवर येऊन थांबलं, एक नाचणारी आणि एक बाळंतीण. या विटाळाच्या कल्पनेचा परिणाम गोष्टीपुरता राहिला नाही. वाणच्या पुढे यात्रेबरोबर बायकांनी जायचं नाही, चामड्याची वस्तू न्यायची नाही, वाद्यं वाजवायची नाहीत, अशी रीत पुढे कित्येक पिढ्या चालली. ज्या लेकीला निरोप द्यायला गाणी रचली ती बायकांनी, आणि तिला शेवटपर्यंत पोचवायला जायचे ते मात्र पुरुष.

तरीही या गोष्टीला नुसती अंधश्रद्धा म्हणून बाजूला टाकू नका. तीत एक खूण खरी निघाली. ती कशी, ते सांगताना आपल्याला पुण्याला यावं लागेल.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जुन्या हाडांचा अभ्यास करणारी माणसं आहेत. हाड हातात घेतलं की ते बाईचं की पुरुषाचं, वय अंदाजे किती, कुठला आजार झाला होता का, हे ती मंडळी सांगू शकतात. २००३ साली रूपकुंडावर अभ्यासकांची एक तुकडी गेली, तिच्यात डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे होते. त्यांना काही कवट्यांवर चमत्कारिक फटी दिसल्या. तलवारीचा वार लांब आणि सरळ असतो. दरड कोसळली तर सगळी हाडं मोडतात, हात-पाय-बरगड्याही. इथे मार फक्त डोक्यावर होता, वरून आलेला, आणि काहीतरी गोल वस्तूचा. जखमा भरून आलेल्या नव्हत्या, म्हणजे मार बसला आणि माणूस गेला. अभ्यासकांनी अंदाज केला की मोठमोठ्या गारा. उघड्या डोंगरावर ना झाड, ना आडोसा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात झालेली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना हे पटवून द्यायची गरज नाही. पत्रे फुटले, पाखरं आणि गुरं मेली, हातातोंडाशी आलेला गहू आणि द्राक्षं गेली. तीच गारपीट पाच हजार मीटरवर डोक्यावर छप्पर नसताना झाली तर? गाण्यातल्या लोखंडी गारा आणि कवटीवरची फट यांचा असा मेळ बसला.

त्याच वेळी हाडांचं वयही काढलं गेलं. जिवंत असताना माणूस खातो-पितो, त्यातून कार्बन नावाचा पदार्थ हाडांत जातो. त्यातला एक प्रकार मेल्यानंतर ठरावीक वेगानं कमी होत राहतो. किती उरला ते मोजलं की मरून किती वर्षं झाली ते कळतं. त्या हिशेबानं उत्तर आलं, इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आसपास. म्हणजे तुघलकाच्या कितीतरी आधी, आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्याही चारशे वर्षं आधी. काही नमुने आपल्याकडच्या कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतात अशीही बातमी त्या वेळी छापून आली होती. ती फार जपून घ्यावी असं आम्हाला वाटतं, कारण पुढे जास्त खोलवर तपासणी झाली तेव्हा चित्र बरंच पालटलं.

ती तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. हैदराबादची पेशीविज्ञानाची संस्था, अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ आणि इतर ठिकाणचे मिळून अठ्ठावीस संशोधक. त्यांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी होत्या. त्यांनी ३८ माणसांच्या हाडांतला डीएनए वाचला. डीएनए म्हणजे आई-बापाकडून आपल्यात उतरलेला वारसा, तो शरीराच्या कणाकणात असतो आणि हाडांतही टिकतो.

त्या ३८ पैकी १५ बाया होत्या.

हा आकडा ऐकून आम्ही थोडा वेळ गप्पच राहिलो. गोष्टीत एक राणी आणि काही नाचणाऱ्या. इथे तपासलेल्या दर पाच माणसांत दोन बाया. आणि ही माणसं एकमेकांची जवळची नातेवाईकही नव्हती, म्हणजे ती एका राजाचं कुटुंब नव्हे. साथीच्या रोगाच्या जंतूंचा मागही हाडांत लागला नाही.

दुसरं, सगळी एका वेळची नव्हती. ३८ पैकी २३ जणांचा वारसा भारतीय उपखंडातला निघाला, पण तोही कुठल्या एका जातीचा किंवा एका भागाचा नाही, वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांचा. त्यांचे मृत्यू सातव्या ते दहाव्या शतकात झालेले, आणि तेही एका दिवशी नाही, निदान दोन-तीन वेगळ्या प्रसंगी. म्हणजे एका रात्रीत एक राजा आणि त्याचा लवाजमा गारांनी मेला, ही गोष्ट तशीच्या तशी उभी राहत नाही. काही जण गारांनी गेले असतील. बाकीचे थंडीनं, धाप लागून, पाय घसरून, कधी आज कधी पन्नास वर्षांनी. सुट्या दगडांच्या उतारांनी सगळ्यांना खाली आणून एकाच कुंडात ठेवलं. त्या भागातल्या देवळांत आठव्या ते दहाव्या शतकातले शिलालेख आहेत, त्यावरून देवीची ही यात्रा तेव्हाही चालू असावी असं अभ्यासकांना वाटतं. आम्हालाही हेच पटतं. शेकडो वर्षं चालणारी वारी म्हटली की वाटेवर माणसं जाणारच.

आता आपल्या चुलीजवळचं एक सांगतो. ही माणसं काय खात होती तेही हाडांवरून कळलं. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका ही पिकं हवेतला कार्बन एका पद्धतीनं घेतात. गहू, तांदूळ, जव दुसऱ्या पद्धतीनं. जे खाल त्याची खूण हाडांत उतरते, हजार वर्षांनीही पुसत नाही. या २३ जणांत दोन्ही प्रकारच्या खुणा मिळाल्या. कुणी मुख्यतः गहू-तांदूळ खाणारे, कुणी भरड धान्य खाणारे, कुणी मिसळ. गढवालात आजही मंडुव्याची भाकर खातात. मंडुवा म्हणजे आपली नाचणी. झंगोरा म्हणजे आपल्या सावा-वरीच्या जातीतलं धान्य. आपल्या गटांनी नाचणीची पापडं आणि लाडू करून विकायला सुरुवात केली तेव्हा "हे कसलं गरिबाचं धान्य" म्हणून नाकं मुरडणारे भेटलेच होते. हजार वर्षांपूर्वी असं धान्य खाऊन माणसं पाच हजार मीटर चढत होती, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

उरलेल्या पंधरा जणांची गोष्ट सगळ्यात विचित्र. त्यांतल्या १४ जणांचा वारसा थेट भूमध्य समुद्राकडचा निघाला. आजच्या लोकांत त्यांचं सगळ्यात जवळचं नातं ग्रीस आणि तिथल्या क्रीट बेटावरच्या माणसांशी. आणि एकजण आग्नेय आशियाकडच्या वारशाचा. हे पंधराही जण मेले इसवी सन १८०० च्या सुमारास, म्हणजे आधीच्यांच्या जवळजवळ हजार वर्षांनंतर. आपल्याकडे पेशवाईचा शेवट जवळ आला होता तेव्हा. सिकंदराच्या सैन्यातल्या ग्रीकांचे हे वंशज असतील का, ही शंका कुणाच्याही मनात येईल. पण ते लोक इथेच राहिले असते तर दोन हजार वर्षांत इथल्या लोकांत मिसळले असते आणि तसं त्यांच्या डीएनएमध्ये दिसलं असतं. तसं दिसत नाही. त्यांच्या हाडांत भरड धान्याची खूणही जवळजवळ नाही. म्हणजे ते वाढले ते दुसरीकडेच, आणि आले इतक्या लांब, बर्फातल्या एका कुंडाशी. का आले, कुणाबरोबर आले, याचा लेखी पुरावा आजवर मिळालेला नाही.

आता आजची गोष्ट. रूपकुंडाची ख्याती वाढली तशी माणसं नुसती बघायला जाऊ लागली. गेली ती आठवण म्हणून हाडं घेऊन आली. कुणी कवटी हातात धरून फोटो काढले, कुणी हाडं दगडांवर मांडून ठेवली. अभ्यासकांची ही मोठी अडचण आहे. कोणतं हाड मुळात कुठे, कशाशेजारी होतं हेच कळेनासं झालं आहे. आम्हाला मात्र आधी दुसरंच टोचतं. कुणाच्या तरी आईची, सुनेची हाडं ही. आपल्या मसणवट्यातलं हाड कुणी पिशवीत घालून नेलं तर आपण चालू देऊ का?

वर जाणाऱ्यांच्या तंबूंनी आणि कचऱ्यानं बुग्यालांचीही दशा झाली. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. कुरणांसाठी निर्णय बरा. पण मुक्कामाशिवाय रूपकुंड गाठता येत नाही. खेचरं हाकणारे, ओझी वाहणारे, जेवण करणारे वाण आणि लोहाजंगचे लोक, त्यांच्या घरात येणारा हंगामाचा पैसा त्यामुळे आटला. डोंगर राखायचा तर त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या पोटाचा विचार त्याच कागदावर हवा होता, असं आमचं मत आहे. आपल्याकडे अभयारण्यांच्या कडेला राहणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

आणि ती बायकांची बंदी? ती सैल होत चालली आहे. अलीकडच्या राजजातेत वाणच्या पुढे बायकाही चालल्या. पालखी वाणला पोचते तिथे लाटू देवाचं देऊळ आहे. लाटू हा नंदेचा मानलेला भाऊ. तिथून पुढची वाट तो दाखवतो, बहिणीला सासरी सोडायला भाऊ जातो तसा. त्याच्या मागून आता बायका बेदनी चढतात, पातर नचौणीवरून जातात, राणी बाळंत झाली असं म्हणतात त्या जागेवरून पुढे सरकतात आणि रूपकुंडाच्या काठाशी येतात. त्यांच्या हातांत काचेच्या बांगड्या असतात.